घरी शिकणारं पोरगं गणितात मागे पडलंय? सातबारा काढा

वर्धा-यवतमाळ पट्ट्यात पोराला शाळेत न घालता घरीच शिकवणारी कुटुंबं थोडीच, पण आहेत. कोणी शहर सोडून शेतीवर आलेलं, कोणाच्या पोराची शाळा आजारपणात सुटलेली. ही पोरं सफाईनं वाचतात, पाखरं आवाजावरून ओळखतात, परक्या माणसाशी न बिचकता बोलतात. बारा-तेराव्या वर्षी आईबापांच्या पोटात गोळा येतो: दहावीचं काय? आणि भीती भाषेची नसते, गणित-विज्ञानाची असते.

अशा पोरांसोबत मी संध्याकाळी बसतो. सुरुवातीला माझीच चूक झाली. पोरगा तेरा वर्षांचा, म्हणून थेट आठवीचं पुस्तक उघडलं. तीन महिने तो बैजिक राशी फळ्यावरून वहीत उतरवत होता आणि मला वाटत होतं की शिकतोय. एक दिवस सहज विचारलं, ८२४ ला ८ नं भाग. उत्तर आलं १३. मधलं शून्य गायब. म्हणजे दुखणं तिसरी-चौथीतलं आणि मी औषध आठवीचं देत होतो.

आधी गळती शोधा

वय विसरा. बालभारतीची तिसरी ते सातवीची गणिताची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. खालून सुरू करा. परीक्षा घेतोय असं म्हणू नका. रोज चार-पाच गणितं गप्पा मारता मारता द्या. हातच्याची वजाबाकी, मधे शून्य येणारा भागाकार, दोन अपूर्णांकांतला मोठा कोणता, ३ मधून ७ वजा केले तर काय. आठवडाभरात कळतं. उत्तर चुकलं तर लगेच दुरुस्त करू नका, "कसं केलंस?" एवढंच विचारा. चुकीमागं बहुतेक वेळा पोराचा स्वतःचा एक नियम असतो. तो ऐकल्याशिवाय दुरुस्ती होत नाही.

एक तपासणी आपल्या भाषेपुरतीच आहे: संख्यांचं श्रुतलेखन. 'एकोणसाठ' म्हटलं की कितीतरी पोरं ६९ लिहितात, कारण कानाला 'साठ' ऐकू येतं. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' पद्धत आली तेव्हा मोठा गदारोळ झाला. आपल्याला वादात पडायचं नाही. 'पन्नास नऊ' म्हणून पोराचं काम चालत असेल तर चालवा आणि जुनं नाव सोबत सांगत राहा.

गळती साधारण चारच जागी सापडते: स्थानिक किंमत, भागाकार, अपूर्णांक-दशांश आणि ऋण संख्या. एवढं बुजवलं की पाचवी-सहावीचं बाकी सामान फार वेळ खात नाही. पाढे पाठ नसतील तर घरातल्या आजोबांकडे सोपवा. निमकी, पावकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी (अर्धा, पाव, पाऊण, सव्वा आणि दीडचे पाढे) त्यांना अजून येत असेल तर अपूर्णांकाचं अर्धं काम घरातच होतं.

दशांशासाठी दोरी आणि चार खुंट्या

भागाकारात शून्य गाळणाऱ्या त्याच मुलाला मी विचारलं, ०.९ मोठं का ०.८१?

"एक्क्याऐंशी मोठं."

"काऊन?"

"नऊपेक्षा एक्क्याऐंशी मोठे नाई का, काका?"

त्याच्या नियमानं बरोबरच होतं. मग त्याच्या बाबांकडून वावराचा सातबारा मागवला. त्यावर क्षेत्र दोन टिंबं देऊन लिहिलेलं असतं: ०.८१.००. पहिला आकडा हेक्टर, मधला आर, शेवटचा चौरस मीटर. १०० चौरस मीटरचा एक आर, १०० आरचा एक हेक्टर. हे तोंडी सांगून सोडू नका. अंगणात नाही तर वावराच्या धुऱ्यावर चार खुंट्या ठोका, दहा मीटर बाय दहा मीटर सुतळी ताणा आणि पोराला आत उभं करा. हा एक आर. कोपरे काटकोनात आहेत का ते दोन्ही कर्ण मोजून बघा. सारखे भरले तर चौकोन नीट बसला. भूमिती हळूच आत आली, हे पोराला सांगायची गरज नाही.

आता ०.९ हेक्टर म्हणजे किती आर? नव्वद. आणि ०.८१? पोरगा दोन क्षण गप्प राहिला. "मंग नऊच मोठं न!" हा प्रश्न त्याच्याकडून परत चुकला नाही.

पुढे वाटणी काढा. खेड्यातल्या पोराला वाटणी समजावून सांगावी लागत नाही. २.४३ हेक्टर, म्हणजे सहा एकर, तीन भावांत: प्रत्येकी ०.८१. एका भावाला दोन पोरं असली तर प्रत्येकाला एक तृतीयांशाचा अर्धा, म्हणजे एक षष्ठांश. २.४३ ला ६ नं भागा: ०.४०५. सातबाऱ्यावर हे ०.४०.५० असं दिसेल, चाळीस आर पन्नास चौरस मीटर. अपूर्णांकाचा गुणाकार, दशांशाचा भागाकार आणि क्षेत्रफळ एका कागदावर झालं. त्यानंतर मात्र पुस्तकातली तशीच वीस गणितं वहीत सोडवून घ्या. वावरात समजलेलं वहीत उतरलं नाही तर परीक्षेत कामाला येत नाही. घरी शिकवणारे हौशी आईबाप नेमके इथंच हात आखडतात, असं मी पाहिलंय.

गणित रोज, चाळीस मिनिटं, ठरलेल्या वेळी. उन्हाळ्यात सकाळी सहाला बसा, दुपारी डोकं चालत नाही. सोयाबीनची सोंगणी किंवा कापसाची वेचणी असली तर पंधरा मिनिटांवर आणा. पण खाडा नको.

विज्ञान हंगामाप्रमाणे

विज्ञानात पोरांनी पाहिलेलं पुष्कळ असतं. मोजलेलं आणि लिहिलेलं नसतं. म्हणून धडा पुस्तकाच्या क्रमानं न घेता हंगामानं घ्या.

मेमध्ये घरच्या सोयाबीनची उगवण तपासा. सरसकट शंभर दाणे मोजा, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, वरून दुसरं ओलं गोणपाट घालून गुंडाळी करा, सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा. पोरानं आधी अंदाज वहीत लिहावा. पाच-सात दिवसांनी उघडून मोजा. ७० किंवा जास्त उगवले तर बियाणं पेरायला चालतं, कमी असेल तर जास्त पेरावं लागतं किंवा बदलावं लागतं. पोराच्या वहीवर बापाचा पैसा अवलंबून असला की नोंद आपोआप नीट होते. त्याच आठवड्यात बीज आणि अंकुरणाचा धडा वाचा. 'बीजपत्र', 'आदिमूळ' हे शब्द मग पाठ करावे लागत नाहीत.

मेच्याच शेवटच्या आठवड्यात नागपूरच्या आसपास दुपारी सूर्य एकदा नेमका डोक्यावर येतो. अंगणात काठी सरळ रोवून रोज भरदुपारी सावली मोजली तर ती नाहीशी होताना सापडते.

पावसाळ्यात सरळ भिंतीचं भांडं उघड्यावर ठेवून पट्टीनं मिलिमीटर मोजा. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं. आपल्या भांड्यात किती, ते पोराला सांगू द्या. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका आरावर शंभर लिटर पाणी. हे गणित त्यालाच करू द्या.

फवारणीचं प्रमाणही गुणोत्तराला चांगलं: १० लिटरला २० मिली, तर १५ लिटरच्या पंपाला किती? फक्त कागदावर. औषधाच्या बाटलीला पोराचा हात लागता कामा नये. बाटलीवरच्या लाल, पिवळ्या, निळ्या, हिरव्या त्रिकोणाचा अर्थ दुरूनच शिकवा.

अणू, संयुजा, आरशाची सूत्रं वावरात सापडत नाहीत. तिथं पुस्तक आणि माणूस लागतो. जवळच्या हायस्कूलच्या विज्ञान शिक्षकाला भेटून महिन्यातून दोनदा प्रयोगशाळेत बसू द्याल का, असं विचारा. मला एकदा नकार आला, दुसऱ्या ठिकाणी आनंदानं होकार. विजेसाठी घरची मोटर आहेच: ५ एचपी म्हणजे साधारण ३७३० वॅट, तासाला पावणेचार युनिट. नागपूरला जाणं झालं तर रमण विज्ञान केंद्रात अर्धा दिवस काढा.

परीक्षेचा रस्ता आधी ठरवा

चौदा वर्षांखालच्या मुलाला शाळेत जायचं असेल तर शिक्षण हक्क कायद्यानं वयानुसार वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे राहिलेल्या अभ्यासासाठी खास प्रशिक्षणही मागता येतं. घरूनच दहावी करायची तर राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म (बाहेरून परीक्षेला बसायचा अर्ज) किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था (एनआयओएस). १७ नंबरचा अर्ज मार्चच्या परीक्षेसाठी आदल्या वर्षीच भरावा लागतो. विज्ञानाच्या प्रात्यक्षिकांची सोय काय, हे अर्ज भरायच्या आधी केंद्राच्या शाळेत विचारून घ्या.

आणि घड्याळ लावून पेपर सोडवायची सवय सहा महिने आधी लावा. मंडळाचा बीजगणिताचा पेपर दोन तासांचा असतो. आमचा पठ्ठ्या पहिल्या सराव पेपरला पंचविसाव्या मिनिटाला उठला, बकरीला पाणी पाजून आला आणि घड्याळ का नाही थांबवलं म्हणून माझ्यावरच रुसला.