पोकेमॉनच्या लढाईत हवामान लावताय? या चुका टाळा

पोकेमॉन व्हिडिओ गेमच्या लढाईत पाऊस पाडला, हल्ला करणाऱ्या पोकेमॉनला मैदानात आणलं, दोन वार केले आणि पाऊस थांबला. मग सगळा दोष टीमला. खरं तर अशा वेळी टीम ठीकच असते, हिशेब चुकलेला असतो. हवामान ही या खेळातली फार सुंदर गोष्ट आहे, पण ती मोजून वापरावी लागते.

५ टर्न पूर्ण मिळतील असं धरून चालणं

रेन डान्स (पाऊस आणणारी मूव्ह, म्हणजे पोकेमॉनची चाल) किंवा सनी डे (ऊन आणणारी) यांचं हवामान ५ टर्न (पाळ्या) टिकतं आणि मूव्ह वापरली तो टर्नही त्यातच मोजला जातो. उरले ४. पुढच्या टर्नला स्विच केलंत (मैदानातला पोकेमॉन बदललात) की ३. समोरच्याने एकदा प्रोटेक्ट (त्या टर्नचा मार अडवणारी मूव्ह) वापरलं की हाती राहतात २. म्हणून ड्रिझल (पाऊस), ड्राउट (ऊन) अशा अ‍ॅबिलिटीचे, म्हणजे अंगभूत गुणाचे, पोकेमॉन लोकांना आवडतात: मैदानात येताक्षणी हवामान बदलतं, मूव्ह खर्च होत नाही. मात्र त्यांचं हवामान लढाईभर टिकतं हा समज जुना आहे. २०१३ च्या एक्स आणि वाय या गेमपासून तेही ५ टर्नच चालतं. जुना गाइड वाचून टीम बांधणारे इथेच फसतात.

डॅम्प रॉक (पावसासाठी), हीट रॉक (उन्हासाठी) यांसारखे आयटम (पोकेमॉनकडे द्यायच्या वस्तू) मुदत ८ टर्नपर्यंत नेतात. पण आयटम हवामान लावणाऱ्याकडेच हवा. पावसात हल्ला करणाऱ्याला डॅम्प रॉक दिलात तर त्याची आयटमची जागा फुकट गेली. एकदा पाऊस सुरू झाल्यावर समोरच्याने नॉक ऑफ या मूव्हने तो आयटम उडवला, तरी ठरलेले ८ टर्न कमी होत नाहीत.

आता सर्वांत महाग पडणारी चूक. पाऊस संपत आला म्हणून शेवटच्या टर्नलाच ड्रिझलवाल्या पेलिपरला परत आणायचं. पाऊस चालू असताना ड्रिझल नव्याने लागत नाही, मुदतही वाढत नाही. त्या टर्नच्या शेवटी पाऊस थांबतो आणि पेलिपर कोरड्या मैदानात उभा राहतो. रेन डान्सचंही तेच, पाऊस असताना ती मूव्ह फेल होते. पाऊस थांबू द्या, मग पुढच्या टर्नला आणा.

दोघांचं हवामान एकदम लागलं तर

सुरुवातीलाच दोन्ही बाजूंनी हवामान लावणारे आले, तर ज्याचा स्पीड जास्त त्याची अ‍ॅबिलिटी आधी चालते आणि मंद पोकेमॉन ते हवामान पुसून आपलं लावतो. म्हणजे इथे मंद असणं फायद्याचं. ऊन लावणाऱ्या टॉर्कोलचा बेस स्पीड (मूळ वेग) २०, पेलिपरचा ६५, ऊनच लावणाऱ्या नाइनटेल्सचा १००. टॉर्कोलसमोर पेलिपरचा पाऊस सहसा टिकत नाही. अशा वेळी पेलिपर राखून ठेवा आणि ऊन लागल्यावर आत आणा.

वाळू आणि बर्फाला पावसासारखं वागवणं

पावसात वॉटर मूव्हचा मार दीडपट आणि फायर मूव्हचा निम्मा, उन्हात बरोबर उलट. त्यामुळे अनेकांना वाटतं की वाळूच्या वादळात रॉक मूव्ह आणि बर्फात आइस मूव्ह जोरदार लागतात. तसं काही होत नाही. वादळात रॉक टाइपचा स्पेशल डिफेन्स दीडपट होतो. बर्फात आइस टाइपचा डिफेन्स दीडपट होतो आणि ब्लिझर्ड ही आइस मूव्ह चुकत नाही. २०२२ च्या स्कार्लेट आणि व्हायोलेटमध्ये गारांची जागा बर्फाने घेतली, आणि बर्फ दर टर्नला एचपी (पोकेमॉनचा उरलेला जीव) खात नाही. समोरच्याची फोकस सॅश (एचपी पूर्ण असताना एका वारात बाद होण्यापासून वाचवणारा आयटम) मोडायला त्याच्यावर विसंबू नका. वाळू अजूनही टर्नच्या शेवटी एक सोळांश एचपी कापते, रॉक, ग्राउंड आणि स्टील सोडून सगळ्यांचं. त्यात तुमचाही साथीदार आला!

स्वतःच्याच हवामानात अडकणं

पावसाच्या टीममध्ये सिंथेसिस किंवा सोलर बीम ही मूव्ह दिसली की मला वाईट वाटतं. सिंथेसिस एरवी निम्मं एचपी भरते, पावसात फक्त पाव. सोलर बीमची ताकद निम्मी होते. उलट थंडर ही इलेक्ट्रिक मूव्ह पावसात कधी चुकत नाही, पण उन्हात तिची अचूकता ५० टक्क्यांवर येते. थंडरची ताकद मात्र पावसाने वाढत नाही, हेही ध्यानात ठेवा.

बचावाची बाजू तर बहुतेक जण विसरतात. ग्रास आणि स्टील टाइपच्या फेरोथॉर्नला फायर मूव्ह चौपट लागते. पावसात तोच मार दुप्पटीवर येतो. माझ्या मते पावसाच्या टीमची खरी मजा अशा जोडीत आहे.

पोकेमॉन गोचे नियम इथे लावणं

पोकेमॉन गो या मोबाइल गेममध्ये पावसात वॉटर, इलेक्ट्रिक आणि बग मूव्हना २० टक्के बळ मिळतं, तेही रेड (बलाढ्य पोकेमॉनशी मिळून लढत) आणि जिममध्ये. तिथल्या खेळाडूंमधल्या लढतीत हवामान चालतच नाही. दोन्ही गेमचे तक्ते वेगळे ठेवा.

सगळं बरोबर, तरी परिणाम दिसत नाही?

समोर गोल्डकसारखा क्लाउड नाइन अ‍ॅबिलिटीचा पोकेमॉन आहे का पाहा. तो मैदानात असेपर्यंत हवामानाचा परिणाम थांबतो, टर्न मात्र संपत राहतात. त्याला आधी पाडा किंवा स्विच करायला भाग पाडा, आणि तोवर किती टर्न गेले ते मोजत राहा.