पोळा ते दिवाळी: उभ्या ट्रॅक्टरमध्ये उंदरांनी घर करू नये म्हणून

कपाशीच्या ओळी एकमेकींना भिडल्या की आमच्या अमळनेर-पारोळ्याकडे छोट्या ट्रॅक्टरचं काम थांबतं. कोळपणी झालेली असते, झाडं कमरेला लागलेली असतात, यंत्र आत घातलं तर फांद्या मोडतात. मग पोळ्याच्या सुमारास ट्रॅक्टर खळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन उभा राहतो, तो थेट दिवाळीनंतर हरभऱ्याचं रान करायलाच बाहेर निघतो. रावेर-यावलकडे केळीच्या बागांमुळे तो जास्त चालतो, पण महिना-दीड महिना उभं राहणं तिथेही चुकत नाही. हे जे उभं राहणं आहे, त्यातच उंदराचं फावतं.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर मी ट्रॅक्टर चालू केला आणि पाचच मिनिटांत बोनेटखालून जळक्या कापसाचा वास यायला लागला. लगेच बंद केला म्हणून वाचलो. सायलेन्सर जिथे इंजिनाला जोडलेला असतो, त्या गरम भागाला टेकून कापसाचा वीतभर बोळा धुमसत होता. मिस्त्रीने एअर क्लिनर खोलला आणि म्हणाला, "भाऊ, यामा ते उंदीरनं घर शे." आतला कागदी फिल्टर कुरतडून त्याचा भुगा केलेला. अल्टरनेटरच्या दोन वायरी तांबं दिसेपर्यंत सोललेल्या. ऐन पेरणीच्या तोंडावर चार दिवस गेले. तेव्हापासून ट्रॅक्टर उभा करण्याआधी मी जी तयारी करतो, ती कामाच्या क्रमाने इथे सांगतो.

सगळ्यात आधी ट्रॅक्टरकडे न बघता शेडकडे बघा. उंदराला ट्रॅक्टरचं काही पडलेलं नसतं. त्याला अंधार हवा, खायला हवं आणि घरट्यासाठी मऊ काहीतरी हवं. खान्देशात ही तिन्ही आपणच एका छपराखाली मांडून ठेवतो. वेचलेला कापूस भावाची वाट बघत कोपऱ्यात पडलेला असतो. त्यात सरकी असते, म्हणजे उंदराचं जेवणही तेच आणि अंथरूणही तेच. शेजारी गुरांना घालायच्या ढेपेचं, म्हणजे सरकीच्या पेंडीचं पोतं, मागे कडब्याच्या पेंढ्या, वर दादरचं, म्हणजे रब्बी ज्वारीचं बियाणं टांगलेलं. अशा ठिकाणी ट्रॅक्टर लावला की बोनेटची पोकळी हे आयतं बाळंतिणीचं घर होतं. म्हणून पहिलं काम हे की कापूस, ढेप, कडबा आणि ट्रॅक्टर एका खोलीत ठेवायचे नाहीत. जागाच नसेल तर निदान ढेप आणि बियाणं झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात घाला आणि कापूस ट्रॅक्टरपासून जमेल तितका लांब, दुसऱ्या टोकाला रचा. बाकीचे सगळे उपाय यानंतरचे आहेत. हे केलं नाही तर पुढचं निम्मं काम वाया जातं, हे मी दोन हंगाम अनुभवलं आहे.

मग शेडची भोकं बघायची. घरातला छोटा उंदीर पेन्सिल जाईल एवढ्या, म्हणजे जेमतेम ६ मिलिमीटरच्या फटीतून आत येतो, कारण डोकं आत गेलं की बाकीचं अंग तो दाबून घेतो. दाराखालची फट, पत्रा आणि भिंत यांच्यातली जागा, पाण्याच्या मोटारीची केबल जिथून आत येते ते भोक, हे तीन रस्ते प्रत्येक शेडमध्ये असतात. सिमेंटमध्ये काचेचे तुकडे मिसळून भोकं बुजवा. दाराखाली जुन्या टायरचा रबर लावतात, तो उंदीर आठवड्यात कुरतडतो, त्याऐवजी पत्र्याची पट्टी ठोका. जाळी लावायची तर बारीक, ६ मिलिमीटरपेक्षा लहान घराची लोखंडी जाळी. कोंबड्यांच्या खुराड्याची षटकोनी जाळी या कामाची नाही. मातीची जमीन असेल तर घूस खालून उकरते, तिथे भिंतीच्या कडेने हातभर रुंदीचं काँक्रीट टाकलेलं बरं.

ट्रॅक्टर भिंतीपासून चारही बाजूंनी दोन-तीन फूट सोडून उभा करा. उंदीर भिंतीच्या कडेने पळतो, उघड्या जागेत यायला बिचकतो. नांगर, वखर, पाइप, दोरखंड ट्रॅक्टरला टेकवून ठेवू नका, ती त्याची शिडी होते. टायरवरून तो तसाही चढतो, ते थांबवता येत नाही, पण आयता जिना तरी नको.

ट्रॅक्टर आत घालण्याच्या दिवशी तो चांगला धुवा. बोनेटखालचा काडीकचरा, रेडिएटरच्या जाळीत अडकलेली पानं, सीटखालचा चिखल सगळं काढा. टूलबॉक्स रिकामा करा. तिथे हमखास शेंगदाण्याची टरफलं, भाकरीचा चुरा आणि पुसायच्या चिंध्या असतात. चिंध्या तर एकही ठेवू नका. धुतल्यावर उन्हात पूर्ण वाळू द्या आणि मगच आत न्या. डिझेलची टाकी भरून ठेवा, रिकाम्या टाकीत दव धरून पाणी साचतं. बॅटरीची ऋण तार आधी काढा, धन तार नंतर, आणि परत जोडताना उलट क्रम. वायर कुरतडली गेली तरी शॉर्ट होऊन आग लागू नये, याला हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, ते झिजवायला त्याला काहीतरी कुरतडावंच लागतं आणि वायरचं प्लास्टिक त्याच्या दाताला बरोबर बसतं.

आता यंत्रातली भोकं. इथे घाई करू नका. सायलेन्सरचं तोंड रिकाम्या पत्र्याच्या डब्याने झाका. एअर क्लिनरच्या हवा ओढण्याच्या तोंडावर बाहेरून बारीक जाळी घट्ट बांधा. त्यात कापड, कापूस किंवा भांडी घासायची तारेची जाळी कोंबू नका. कापड उंदराला आवडतं, आणि तारेचे तुकडे आत राहिले तर चालू करताना इंजिन ते ओढून घेईल. एअर क्लिनरवर एवढा भर देतो याचं कारण असं की फिल्टर फाटलेला असला तरी इंजिन चालू होतं, कळत काहीच नाही, आणि आपल्याकडची काळ्या मातीची बारीक धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाऊन पिस्टनच्या रिंगा खाते. वायर तुटली तर ट्रॅक्टर बंद पडून आपल्याला सांगतो. फिल्टर फाटला तर तो सांगत नाही, हंगामाच्या शेवटी धूर आणि तेल यांच्या रूपाने बिल येतं. क्लच हाउसिंगच्या तळाशी एखादं छिद्र किंवा खिडकी असते, तीही बघा. डॅशबोर्डच्या मागे, बॅटरीच्या पेटीखाली, पंख्याच्या आवरणात, फ्यूजच्या डबीजवळ, या जागा टॉर्च लावून एकदा पाहून ठेवा, म्हणजे पुढे काय बदललं ते कळेल.

जे जे झाकलं, त्याची खूण म्हणून स्टिअरिंगला लाल फडकं बांधा. चालू करायची घाई झाली की माणूस सायलेन्सरवरचा डबा विसरतो, आणि चालू करणारा दरवेळी आपणच असू असं नाही.

पॉवर वीडर, म्हणजे निंदणीचं छोटं यंत्र, किंवा लॉन्सवाल्यांकडचा गवत कापायचा छोटा ट्रॅक्टर असेल तर आणखी एक जागा आहे. ही इंजिनं बहुतेक हवेने थंड होणारी असतात, त्यांच्यावर पंख्याचं प्लास्टिकचं आवरण असतं. उंदीर त्या आवरणाखाली, सिलिंडरभोवतीच्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांवर घरटं करतो. इंजिन चालू होतं, पण हवा मिळत नाही आणि तापून जाम होतं. हे आवरण हंगामाच्या सुरुवातीला खोलून बघायलाच हवं. गवत कापणाऱ्या यंत्राच्या पात्यांच्या झाकणाला खालून चिकटलेलं वाळलं गवतही खरवडून काढा, घरट्यासाठी ते तयार गवत आहे.

बोनेट उघडं ठेवावं की बंद, यावर गावात दोन पक्ष आहेत. मी उघडं ठेवतो. उंदराला अंधारी, बंद, उबदार जागा हवी असते, आणि उघड्या बोनेटखाली उजेड आणि वारा असतो. धूळ बसते आणि चिमण्या येतात हे खरं, पण फुंकर मारून जाणारी धूळ परवडली. ताडपत्री मात्र शेडच्या आत घालू नका. जमिनीपर्यंत लोंबणारी ताडपत्री म्हणजे उंदराला तंबू. बाहेर उभा करावाच लागला तर तिच्या कडा जमिनीपासून वितभर वर बांधा.

डांबराच्या गोळ्या, तंबाखू, फिनेल, कडुनिंबाचा पाला, पुदिन्याचं तेल यांवर भरवसा ठेवू नका. वास असेपर्यंत थोडा फरक पडतो, पण खुल्या शेडमध्ये तो आठ दिवसांतच उडून जातो. आवाज काढणाऱ्या विजेच्या यंत्रांचीही उंदराला सवय होते.

खरं काम सापळ्याचं. सापळा ट्रॅक्टरखाली मधोमध न ठेवता भिंतीलगत ठेवा, आमिषाचं टोक भिंतीकडे करून. आमिष म्हणून भजं किंवा शेंगदाण्याचा कूट गुळात मळून लावा, नुसता दाणा उंदीर अलगद उचलून नेतो. पहिले दोन दिवस सापळा आमिषासह नुसता ठेवा, त्याची कमान ओढू नका, मोठा उंदीर नव्या वस्तूला घाबरतो. एकच सापळा न ठेवता चार-पाच ठेवा. विष मात्र मी शेडमध्ये वापरत नाही. झिंक फॉस्फाइड पोटात जाऊन फॉस्फिन वायू होतो आणि त्यावर उतारा नाही. खळ्यात लेकरं, कुत्री, गुरं सगळी फिरत असतात. ब्रोमॅडिओलोन या दुसऱ्या उंदीरविषाच्या वड्यांना काही दिवस लागतात, आणि तोवर उंदीर यंत्राच्या आत कुठेतरी जाऊन मरतो. बोनेटखाली मेलेला उंदीर शोधणं काय असतं ते ज्याने केलं त्यालाच कळतं. शिवाय असा उंदीर गव्हाणी घुबडाने किंवा मांजराने खाल्ला तर त्यांनाही बाधा होते. शेडच्या आढ्यावर घुबड बसत असेल तर त्याला हाकलू नका, अशुभ म्हणून तर मुळीच नाही. एवढी राखण आपल्याला पैसे देऊन मिळत नाही. धामणही तशीच, ती बिनविषारी आहे.

एवढं करूनही दर आठ दिवसांनी एक फेरी मारावीच लागते. हे का, तर पोळा ते दिवाळी हे दोन अमावस्यांचं, साठेक दिवसांचं अंतर. घरउंदराची मादी तीन आठवड्यांत विते, एका वेळी पाच-सहा पिल्लं, आणि विल्यावर लगेच पुन्हा गाभण राहू शकते. एक मादी आत राहिली तर दिवाळीपर्यंत दोन-तीन बाळंतपणं होतात. वर, पावसाने बांधावरची बिळं भरली किंवा मूग-उडीद-बाजरी कापून रान रिकामं झालं की शेतातले उंदीरही खळ्याकडे सरकतात. थंडीत धुळ्याकडे पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा तर उबेसाठीच येतात, म्हणून डिसेंबरात ट्रॅक्टर उभा राहणार असेल तर फेरी सोडू नका.

फेरीला जाण्याच्या आदल्या संध्याकाळी चुलीतली बारीक राख चाळून चारही टायरांभोवती पसरा. सकाळी पावलं दिसली तर कुठून आला आणि कुठे गेला ते राखेवर लिहिलेलं असतं. माझ्या आईने धान्याच्या कणगीभोवती हेच केलं, तिच्याकडून मी घेतलं. तांदळाच्या दाण्याएवढ्या काळ्या लेंड्या, मुताचा उग्र वास, वायरींवरचे ओरखडे ही बाकीची चिन्हं. जमलं तर त्याच फेरीला झाकणं काढून, बॅटरी जोडून ट्रॅक्टर पंधरा-वीस मिनिटं चालवा आणि जागा हातभर बदला. हलतं यंत्र उंदराला नको असतं.

घरटं सापडलंच तर कोरडं झाडू नका. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पसरतात, ते हातावरच्या जखमेतून किंवा डोळ्यातून शरीरात जातात. रबरी हातमोजे घाला, तोंडाला फडकं बांधा, घरट्यावर ब्लिचिंग पावडरचं पाणी शिंपडून दहा मिनिटं थांबा, मग प्लास्टिकच्या पिशवीत भरून लांब पुरा. वायरींच्या जोडावर हे पाणी ओतू नका, आणि धातूवर पडलेलं साध्या पाण्याने पुसून घ्या. नंतर आठ-पंधरा दिवसांत ताप आणि पोटऱ्या दुखायला लागल्या तर डॉक्टरांना उंदराचं घरटं काढलं होतं हे आपणहून सांगा.

आणि चालू करण्याच्या दिवशी चावीला हात लावण्याआधी लाल फडकं सोडा, सायलेन्सरवरचा डबा काढा, जाळी सोडा, एअर क्लिनर उघडून फिल्टर उजेडात धरून बघा, इंजिनाच्या तापणाऱ्या भागावर हात फिरवून काही मऊ लागतं का ते पाहा, पंख्याचा पट्टा तपासा, मग बॅटरी जोडा. एक बादली माती शेजारी ठेवा. पहिली दहा मिनिटं बोनेट उघडं ठेवून ट्रॅक्टर शेडच्या बाहेर, कापूस आणि कडब्यापासून लांब उभा करून चालवा.