मित्रांसोबत काशी पायी फिरताय? मग फिरण्याचीच काशी करू नका

'काशीस जावे नित्य वदावे' म्हणतात. आमच्या ग्रुपने पाच वर्षं नुसतं वदलंच. शेवटी एकदाचे सहा जण गेलो, आणि पहिल्याच संध्याकाळी विश्वनाथाच्या देवळाबाहेर तीन वेगवेगळ्या ठिकाणी उभे राहिलो.

झालं असं, की देवळात फोन, बॅग, स्मार्ट घड्याळ काही नेता येत नाही. बाहेर लॉकर मिळतात. आम्ही सहाही फोन आणि सहाही जोडी चपला एकाच ठिकाणी ठेवल्या, किल्ली एकाच्या खिशात. दर्शन झाल्यावर गर्दीने आम्हाला फोडलं. किल्लीवाला नव्या कॉरिडॉरमधून थेट गंगेकडे उतरला आणि ललिता घाटाच्या पायऱ्यांवर आमची वाट बघत बसला. तिघं चार नंबर गेटपाशी त्याची वाट बघत होतो. उरलेले दोघं आतच, कारण 'सगळे आल्याशिवाय निघायचं नाही' असं त्यांना वाटत होतं. पायात चप्पल नाही, आणि चहा प्यावा म्हटलं तर पैसे नाहीत, कारण हल्ली पैसे म्हणजे यूपीआय आणि यूपीआय म्हणजे लॉकरमधला फोन. दीड तास असाच गेला.

काशीत एकट्यादुकट्याचं फारसं काही बिघडत नाही, रस्ता चुकला तरी तो कुठे ना कुठे निघतो. गटाचं बिघडतं. 'पोचलास की कॉल कर' या एका वाक्यावर आपण गट चालवतो आणि इथे नेमकं तेच वाक्य दिवसातून दोनदा निकामी होतं: एकदा देवळात आणि एकदा संध्याकाळच्या गंगा आरतीच्या गर्दीत, जिथे फोन लागला तरी समोरच्याचं ऐकू येत नाही.

भेटायची जागा न ठरवणं

आत शिरण्याआधी ठरवा: ज्या दाराने आत, त्याच दाराने बाहेर. एखाद्याला गंगेकडून बाहेर पडायचा मोह झालाच तर त्याने फोनचा लॉकर वेगळा घ्यावा. दोघादोघांच्या जोड्या करा, जोडीला एक किल्ली आणि पाचशेचे सुटे. जागा ठरवताना 'गेटपाशी' किंवा 'घाटावर' असं मोघम बोलू नका. अमुक चहाच्या टपरीसमोर, अमुक पायरीवर, निळ्या छत्रीखाली, असं बोटाने दाखवून ठरवा. आणि वाट किती बघायची तेही ठरवा. आमच्याकडे आता वीस मिनिटांचा नियम आहे. वीस मिनिटांत जोडी आली नाही तर बाकीच्यांनी खोलीवर जायचं. हे ऐकायला निष्ठुर वाटतं, पण कोपऱ्यावर उभं राहून एकमेकांवर चिडण्यापेक्षा बरं.

श्रावण टाळून गेलो, तरी सावनात सापडलो

ही चूक खास आपली. आपला महिना अमावस्येला संपतो, तिकडचा पौर्णिमेला. त्यामुळे उत्तरेतला सावन गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीच सुरू होतो, आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी. कालनिर्णय बघून 'अजून आषाढ आहे, गर्दी नसेल' म्हणत तिकीट काढणारे थेट कावडीतून गंगाजल आणणाऱ्या कावडियांच्या रांगेत जाऊन उभे राहतात. सावनातला सोमवार तर पायी फिरणाऱ्याने विसरूनच जावा. कार्तिकी पौर्णिमा मात्र दोन्हीकडे एकच. त्या रात्री देवदिवाळी असते, घाटांवर दिवे लागतात. बघण्यासारखं असतं, पण त्या रात्री गटाने चालत फिरणं होत नाही, एका जागी बसून बघणं होतं. हवेल्यांच्या गच्च्या आणि बोटी फार आधी भरलेल्या असतात.

पावसाळ्यात गंगा चढली की घाटांना जोडणारी खालची वाट पाण्याखाली जाते. इथली धोक्याची पातळी ७१.२६ मीटर आहे, पण चालणाऱ्याची अडचण त्याच्या बरीच आधी सुरू होते. दोन घाटांमधली वाट तुटली की प्रत्येक वेळी वर गल्लीत चढा, पुढच्या घाटाला उतरा. पाणी ओसरल्यावर पायऱ्यांवर गाळाचा थर राहतो, तो पंपाने धुवून काढेपर्यंत घसरायला होतं. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत गेलात तर हा त्रास नाही. डिसेंबर-जानेवारीत धुकं असतं, त्यामुळे सूर्योदय दिसेलच असं धरून चालू नका.

खोली घाटावर, बॅग चाकाची

'घाटापासून दोन मिनिटं' हे खरं असतं. गाडीपासून किती, ते कोणी सांगत नाही. विश्वनाथाच्या देवळाजवळच्या मैदागिन ते गोदौलिया या रस्त्यावर गाड्यांना बऱ्याच वेळा बंदी असते आणि पुढच्या गल्ल्यांत दोन माणसं आणि एक गाय एवढीच जागा. खोली घेताना मालकाला एकच प्रश्न विचारा: रिक्षा कुठपर्यंत येते आणि तिथे घ्यायला कोणी येईल का? चाकाची बॅग घरी ठेवा. दगडी फरशीवर आणि शेणावर चाकं चालत नाहीत.

अस्सीपासून निघून मणिकर्णिकेला मागे फिरणं

दक्षिणेकडच्या अस्सी घाटापासून उत्तरेला नमो घाटापर्यंतचे सगळे घाट धरले तर साडेसहा-सात किलोमीटर होतात. आकडा ऐकून गट म्हणतो, 'दोन तासांत उरकू.' उरकत नाही. सपाटीवरचे सात किलोमीटर आणि पायऱ्यांवरचे सात किलोमीटर यात गुडघ्यांना फरक कळतो. शिवाय प्रत्येकजण वेगवेगळ्या गोष्टीपाशी थांबतो. एकाला फोटो, एकाला चहा, एकाला पतंग उडवणाऱ्या पोरांशी गप्पा.

दिशा मात्र अस्सीकडूनच धरा. गंगा इथे दक्षिणेकडून उत्तरेला वाहते आणि सगळे घाट पश्चिम काठावर, पूर्वेकडे तोंड करून. म्हणजे सकाळी चालताना ऊन उजव्या गालावर. हिवाळ्यात ते हवंहवंसं, मार्चनंतर दहा वाजले की दगड तापायला लागतात आणि सावली म्हणजे फक्त घाटियांच्या, म्हणजे घाटावर बसणाऱ्या पुजाऱ्यांच्या, छत्र्या. दुपार कलल्यावर वरच्या उंच इमारतींची सावली पायऱ्यांवर उतरते, मग परत चालण्यासारखं होतं. म्हणून आम्ही दुसऱ्या खेपेला वाट दोन तुकड्यांत चाललो. सकाळी अस्सी ते दशाश्वमेध, आणि दुसऱ्या दिवशी चारनंतर तिथून पुढे.

बहुतेक गट मणिकर्णिका या स्मशानघाटापर्यंत येतात, चिता बघतात, गप्प होतात आणि मागे फिरतात. मला ही सगळ्यात मोठी चूक वाटते, निदान मराठी माणसासाठी तरी. अस्सीजवळ भदैनीत झाशीच्या राणीचं जन्मस्थान आहे, तिचं माहेरचं नाव मणिकर्णिका. दशाश्वमेधाच्या अलीकडे अहिल्याबाईंचा घाट, आणि विश्वनाथाचं आजचं देऊळही त्यांनीच १७८० मध्ये बांधलेलं. पण त्यापुढचं काय? मणिकर्णिकेला लाकडांच्या ढिगांच्या बाजूने किंवा वरच्या गल्लीतून वळसा घेतला की शिंदे घाट. बायजाबाई शिंद्यांनी बांधलेला हा घाट स्वतःच्याच वजनाने खचला. शेजारचं रत्नेश्वराचं देऊळ अजून कलून उभं आहे, गाभारा वर्षातला बराच काळ पाण्यात. त्यापुढे नागपूरकर भोसल्यांचा घाट, मग पंचगंगा. पंचगंगेच्या पायऱ्या चढताना आम्ही श्वास घ्यायला थांबलो, तर वरून एक आजी म्हणाल्या, "हळू या हो, घाई नाही कुणाला." शुद्ध मराठीत. ब्रह्मा घाट, दुर्गा घाटाच्या गल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरं आहेत. मणिकर्णिकेला मागे फिरलेल्यांना हे कळतही नाही.

मणिकर्णिकेवर

फोटो नाही. दुरून नाही, झूम करून नाही, 'फक्त ज्वाळांचा' म्हणूनही नाही. गटात एक तरी फोन काढतो, म्हणून अलीकडच्या घाटावरच सगळ्यांनी फोन खिशात टाकायचे. कोणी 'वरून चांगलं दिसतं, चला' म्हणत गच्चीवर नेऊ लागला, तर तिथे गरिबांच्या चितेच्या लाकडांसाठी दान मागितलं जाणार आणि लाकडाचा किलोचा भाव ऐकवला जाणार. अशा वेळी गट एकमेकांच्या तोंडाकडे बघतो आणि कोणीतरी ओशाळून पाकीट काढतो. हात जोडा, 'नहीं भैया' म्हणा आणि चालत राहा. थांबून समजावत बसलात की अडकलात. घाटावर कोणी कपाळाला गंध लावून संकल्प सांगू लागला तरी हेच. पूजा करायचीच असेल तर दक्षिणा आधी ठरवा.

बोट

भाव ठरवताना चार गोष्टी मोठ्याने, सगळ्यांसमोर बोला: माणशी की बोटीचे, कुठून कुठपर्यंत, किती वेळ, आणि परत आणून सोडणार का. आम्ही पहिल्यांदा 'सहाशे' ऐकलं, उतरताना ते माणशी निघालं. वल्ह्याची बोट घेतलीत तर अस्सीहून प्रवाहाबरोबर जा, उलट दिशेला नावाड्याचा घाम निघतो आणि तुमचा तास. आणि सूर्योदयाची बोट घ्यायची तर आधी बोट, मग चालणं. कोवळं ऊन थेट घाटांवर पडतं, ते नदीतूनच दिसतं.

आरतीचं तर फारच सोपं आहे. दशाश्वमेधाला चांगली जागा हवी तर तास-दीड तास आधी बसा, आणि संपल्यावर लोंढ्याबरोबर गोदौलियाच्या रस्त्याला लागू नका. घाटाघाटाने दक्षिणेला थोडं चाला आणि मग वर चढा.

खाण्यात फक्त एक सांगतो. ठंडाई मागताना 'बिना भांग' हे शब्द स्पष्ट उच्चारा. भांगेची सरकारी परवान्याची दुकानं इथे उघड चालतात, त्यामुळे विक्रेत्याला त्यात काही वेगळं वाटत नाही. आमच्यातल्या एकाने 'स्पेशल' मागितली. तो पुढचे तीन तास एकाच पायरीवर बसून होता आणि त्याच्यामुळे आम्हीही.

हरवलातच तर

गल्ल्यांत फोनवरचा नकाशा हमखास गोंधळतो. दोन्ही बाजूंना चार मजली भिंती, त्यामुळे निळा ठिपका शेजारच्या गल्लीत उड्या मारतो. तो बघत फिरू नका. उताराला लागा. उतार आज ना उद्या गंगेला मिळतो, आणि घाटावर आलात की भिंतीवर घाटाचं नाव मोठ्या अक्षरांत रंगवलेलं असतं. प्रवाह कुठे जातोय ते बघा, त्या बाजूला उत्तर. विचारायचंच असेल तर हॉटेलचं नाव सांगून उपयोग नाही, जवळचं देऊळ किंवा घाट विचारा. मागून 'राम नाम सत्य है' ऐकू आलं तर भिंतीला चिकटून उभे राहा आणि त्यांना पुढे जाऊ द्या. त्यांच्या मागून गेलात तर बहुधा मणिकर्णिकेला पोचाल, आणि तिथून आपला रस्ता ठाऊक असतो.

परतीचं तिकीट काढताना स्टेशनचं नाव दोनदा वाचा. वाराणसी जंक्शन वेगळं, बनारस (पूर्वीचं मंडुआडीह) वेगळं, राजघाटाजवळचं काशी वेगळं, आणि पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन, म्हणजे जुनं मुगलसराय, तर नदीच्या पलीकडे. आमच्यातले दोघे बनारसला पोचले, चौघे जंक्शनला. गाडी जंक्शनवरून होती.