प्रोबेशनची वाटणी झाली तेव्हा: इंग्लंडमध्ये या कामात येणाऱ्यांसाठी

पुण्यात एमएसडब्ल्यू करून इकडे आलेल्या दोघी मुलींनी मध्यंतरी विचारलं, "ताई, प्रोबेशनमध्ये यायचंय, तयारी काय करू?" प्रवेशाची माहिती सरकारी संकेतस्थळावर मिळते. पीक्विप नावाचा शिकाऊ अभ्यासक्रम आहे, पंधरा किंवा एकवीस महिन्यांचा. मला त्यांना सांगायचंय ते वेगळंच.

हे प्रोबेशन म्हणजे नोकरी पक्की होण्याआधीचे महिने नव्हेत. कोर्टाने तुरुंगाबाहेर शिक्षा भोगायला सांगितलेली आणि तुरुंगातून सुटलेली माणसं आमच्याकडे येतात. त्यांना मार्गी लावायचं आणि त्यांच्यापासून दुसऱ्या कुणाला धोका आहे का, हे सतत बघायचं. या दुसऱ्या कामात सगळा भार माहितीवर असतो, आणि ती माहिती कशी हरवते हे मी २०१४ मध्ये जवळून पाहिलं.

तेव्हा ख्रिस ग्रेलिंग न्यायमंत्री होते. १ जून २०१४ ला तोवर हे काम सांभाळणारे इंग्लंड आणि वेल्समधले ३५ प्रोबेशन ट्रस्ट बंद झाले. जास्त धोक्याच्या केसेस सरकारी नॅशनल प्रोबेशन सर्व्हिसकडे गेल्या. कमी आणि मध्यम धोक्याच्या केसेस २१ नव्या कंपन्यांकडे गेल्या आणि पुढच्या फेब्रुवारीत त्या कंपन्या खासगी हातात दिल्या. घरात वाटणी होऊन मधे भिंत उभी राहावी, तसंच झालं. कालपर्यंत एका टेबलावर डबा खाणारी माणसं दोन संस्थांची नोकर झाली.

तो रविवार होता. सोमवारी मी लॉगिन केलं तर माझ्या यादीतली काही नावं गायब आणि काही अनोळखी नावं आत. त्यातल्या एकाने पहिल्याच भेटीत सहज सांगितलं की तो नव्या मैत्रिणीकडे राहायला गेलाय, तिला दोन लहान मुलं आहेत. त्याच्यावर बायकोला मारहाणीचा जुना गुन्हा होता. आधीच्या नोंदी उघडायला गेले तर परवानगी नाही. मदतकक्षाने तिकीट क्रमांक दिला. त्याला तीन वर्षं ओळखणारी सहकारी त्याच इमारतीत होती, पण आता भिंतीच्या पलीकडे. मी जिना चढून तिच्याकडे गेले. तिने न बघता सांगितलं, "दारू सुटली की तो शांत असतो. पुन्हा सुरू झाली की आधी फोन तपासायला लागतो, मग हात उचलतो. तेव्हाही घरात मूल होतं." यातलं एक अक्षरही माझ्यापर्यंत आलेल्या कागदांत नव्हतं. त्याच दुपारी मी मुलांच्या संरक्षण विभागाला कळवलं. जिना चढायची सोय नसलेल्या गावांत काय झालं असेल, हा विचार आजही मला सोडत नाही.

वाटणी कशी ठरायची तेही समजून घ्या. कोर्टातला अधिकारी एक आकडा काढायचा: ही व्यक्ती दोन वर्षांत गंभीर गुन्हा करण्याची शक्यता किती? ६.९ टक्के किंवा जास्त आला की केस सरकारी सेवेकडे. गंभीर इजेचा धोका मोठा वाटला, तरीही तिकडेच. उरलेल्या कंपनीकडे. पण धोका एका जागी बसून राहत नाही. नोकरी जाते, दारू सुरू होते, घर बदलतं, आणि 'मध्यम' माणूस पंधरा दिवसांत घातक होऊ शकतो. तेव्हा कंपनीने केस वर पाठवायची आणि सरकारी सेवेने ती घ्यायची की नाही हे ठरवायचं. दर वेळी फॉर्म, दर वेळी वाट बघणं. घरातला मारकुटा नवरा बहुतेक वेळा 'मध्यम'मध्येच असायचा. माझ्या मते या योजनेतली सगळ्यात मोठी चूक हीच होती. आयटीने ती वाढवली, निर्माण केली नाही.

आयटीचं ओझं मात्र खरंच जड होतं. रोजच्या नोंदी एनडिलियसमध्ये, धोक्याचं मूल्यमापन ओएसिसमध्ये. कंपन्यांच्या स्वतःच्या सिस्टीम सरकारी सिस्टीमला जोडणारा दुवा सरकारकडून वेळेवर आला नाही आणि त्या उशिरापोटी सरकारला या कंपन्यांना सुमारे २ कोटी ३० लाख पौंड द्यावे लागले. पुढे तपासणी अहवालांत काही ठिकाणी माणसांवरची देखरेख सहा आठवड्यांतून एका फोनवर आल्याचं दिसलं. मुख्य निरीक्षक ग्लेनिस स्टेसी यांनी २०१९ मध्ये हा सगळा आराखडाच दुरुस्त होण्यापलीकडे सदोष असल्याचं म्हटलं. २६ जून २०२१ ला दोन्ही घरं पुन्हा एक झाली.

म्हणून प्रश्न संपला असं समजू नका. जून २०२२ मध्ये पूर्व लंडनमधल्या इलफर्डमध्ये नुकत्याच तुरुंगातून सुटलेल्या माणसाने घरी चालत निघालेल्या एका तरुणीचा खून केला. तो मोठ्या धोक्याचा धरायला हवा होता, पण कागदावर 'मध्यम' होता, हे निरीक्षकांच्या चौकशीत निघालं. तेव्हा वाटणी नव्हती. कामाचा डोंगर, अपुरी माणसं आणि तुकड्यातुकड्यांत पडलेली माहिती मात्र होती.

तुम्ही याल तेव्हा सिस्टीम शिकवतील, ती नीट शिकाच. पण नोंद अशी लिहा की उद्या तुम्ही आजारी पडलात आणि अनोळखी माणसाने फाइल उघडली, तर पहिल्या चार ओळींत त्याला कोण धोक्यात आहे ते कळावं. 'नियमित हजर, सहकार्य चांगलं' यातून काहीच कळत नाही. केस देताना किंवा घेताना आधीच्या अधिकाऱ्याशी प्रत्यक्ष बोला, वीस मिनिटं तरी. पोलिसांकडे घरगुती हिंसाचाराची विचारणा पाठवली असेल तर उत्तर आलं का, हे स्वतः बघा. 'पाठवलं' म्हणजे 'आलं' नव्हे. सिस्टीम बंद पडली तर वहीत वेळ घालून लिहा आणि सुरू झाल्यावर त्याच दिवशी चढवा.

आणि 'मध्यम' लिहिलेली पहिली केस टेबलावर आली की सीनियरकडे जाऊन विचारा: हे कुणी ठरवलं, कधी, आणि तेव्हा त्याच्यासमोर कोणते कागद होते?