एमजीबीच्या मागच्या चाकांतून ठक-ठक येते? आधी आवाजाची वेळ पकडा

मागून ‘ठक्’ वाजलं की पहिला संशय शॉकअ‍ॅब्सॉर्बरवर जातो आणि पहिला खर्चही तिथेच होतो. माझ्या १९७१ सालच्या एमजीबी रोडस्टरचं, म्हणजे उघड्या छपराच्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं, हेच झालं. इथे इंग्लंडमधल्या एका गॅरेजने दोन्ही बाजूंचे पाटे (लीफ स्प्रिंग) बदलले, शॉकअ‍ॅब्सॉर्बरही बदलले. बिल देऊन घरी निघालो, तर पहिल्याच गतिरोधकावर तोच आवाज. दोष निघाला सांध्याच्या भोकात बसणाऱ्या एका लहानशा रबरी बुशात. तेव्हापासून एक गोष्ट पक्की केली आहे: उभ्या गाडीत तो आवाज स्वतःच्या हाताने काढून दाखवता येत नाही, तोवर एकही पार्ट मागवायचा नाही.

एमजीबी १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डशरमधल्या अ‍ॅबिंग्डनला बनली, पाच लाखांहून जास्त. तिची मागची रचना अ‍ॅम्बॅसिडरखाली डोकावलेल्या कुणालाही ओळखीची वाटेल: अखंड अ‍ॅक्सल आणि त्याखाली दोन पाटे. अ‍ॅम्बॅसिडरचं जुनं पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचं इंजिनही एकाच घराण्यातलं. फरक शॉकअ‍ॅब्सॉर्बरचा. एमजीबीत ते नळीसारखे नसून बॉडीला बोल्टने आवळलेले तेलाचे डबे असतात. डब्यातून एक दांडा बाहेर येतो आणि त्याच्या टोकाची छोटी उभी लिंक खाली पाट्याच्या प्लेटला जोडलेली असते.

आवाज कधी येतो?

आवाज नेमका कुठून येतो हे गाडीत बसून कळत नाही. या गाडीला वेगळी चॅसी नाही, त्यामुळे डाव्या बाजूची ठक पत्र्यातून फिरून उजव्या कानाशी वाजते. म्हणून जागेआधी वेळ लिहून काढा. ओळखीचा शांत रस्ता निवडा, खिडक्या उघड्या ठेवा आणि तीन गोष्टी करून बघा. खडबडीत भागावरून क्लच दाबून, इंजिनचा जोर न लावता गाडी घरंगळू द्या. मग सपाट रस्त्यावर हळू वेगात अ‍ॅक्सिलरेटर द्या, सोडा, पुन्हा द्या. शेवटी मोकळ्या जागी एकदा पुढे आणि एकदा रिव्हर्समध्ये निघा.

घरंगळतानाही ठक आली तर दोष सस्पेन्शनमध्ये किंवा एखाद्या सुट्या वस्तूत. फक्त जोर देता-सोडताना आली तर प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत जोर नेणारा दांडा), डिफरन्शियल (अ‍ॅक्सलच्या मधल्या पोटातले गिअर) किंवा तारांच्या चाकांच्या स्प्लाइन (चाक हबवर पकडून ठेवणाऱ्या खाचा). पुढे-मागे निघताना एकदाच आली तर यांतलं काहीही असू शकतं, शिवाय पाटा अ‍ॅक्सलला बांधणारे ढिले यू-बोल्टही.

खाली शिरण्याआधी गाडी रिकामी करा

डिकीतलं सगळं बाहेर काढा: स्टेपनी, जॅक, चाकाचा हातोडा. १९७४ पर्यंतच्या गाड्यांत सीटच्या मागे, झाकणाखाली सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, जवळपास अ‍ॅक्सलच्या डोक्यावरच. त्यांची पकड ढिली असेल तर हुबेहूब पाटा तुटल्यासारखा आवाज येतो. त्या हाताने हलवून बघा. सायलेन्सरचा पाइपही हलवा. रबर तुटलं असेल तर तो बॉडीवर आपटतो. मग त्याच रस्त्यावरून पुन्हा एक फेरी मारा.

आता हाताने

सस्पेन्शन तपासताना चाकांवर गाडीचं वजन हवंच. चाकं हवेत लोंबकळली की सांधे एका बाजूला ताणले जातात आणि ढिलेपणा लपतो. म्हणून मागची चाकं मजबूत रॅम्पवर चढवा, गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा आणि पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका.

आता कुणाला तरी मागच्या बंपरजवळ उभं करून गाडी खाली-वर हलवायला सांगा. माझ्याकडे हे काम मुलीने केलं. मी खाली उताणा पडून एकेका सांध्याच्या बाहेरच्या बाजूला बोट टेकवत गेलो. पाट्याचं पुढचं टोक शांत, मागचं टोक टांगणारं शॅकलही शांत. शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या लिंकवर बोट ठेवलं आणि बोटाच्या टोकाला बारीकसा टिचका बसला. कानाला तो अ‍ॅक्सलच्या मध्यातून आल्यासारखा वाटत होता. नीट पाहिलं तर बुशाभोवती काळी रबराची भुकटी होती आणि भोक लांबट झालेलं. नवा शॉकअ‍ॅब्सॉर्बर या जुन्याच लिंकवर बसवला होता.

बोट फटीत घालू नका, सांध्यावर बाहेरून टेकवा.

याच वेळी शॉकअ‍ॅब्सॉर्बर बॉडीला धरणारे दोन बोल्ट पाना लावून बघा. हे ढिले होणं फार नेहमीचं आहे आणि फार कमी लोक तिथे बघतात. लिंक खालून सोडवून दांडा हाताने वर-खाली करा. वर जाताना आणि खाली येतानाही सलग, जडसर विरोध हवा. मध्येच दांडा मोकळा सुटत असेल तर तेल कमी आहे किंवा आतला व्हॉल्व्ह गेला आहे.

यू-बोल्ट तपासायला खडू पुरतो. नट, प्लेट आणि पाटा यांवरून एक सरळ रेघ ओढा, दहा-पंधरा किलोमीटर चालवा आणि पुन्हा बघा. रेघ तुटली म्हणजे तिथे काहीतरी सरकतंय. सांध्याजवळ लालसर गंजाची पूड किंवा घासून चकाकलेलं लोखंड दिसलं तरी तेच समजा. पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामधलं रबरी पॅड चेपून गेलं असेल तर यू-बोल्ट कितीही आवळा, पुन्हा ढिले होतील. अ‍ॅक्सल जास्त खाली लोंबू नये म्हणून दोन्हीकडे पट्टे असतात. तो पट्टा तुटला की उंचवट्यावरून उतरताना ठक येते. हे नुसत्या नजरेला दिसतं.

जोर दिल्यावरच ठक येत असेल

मागची बाजू स्टँडवर घ्या, पुढची चाकं ठोकळ्यांनी अडवा. तारांची चाकं असतील तर सुरुवात तिथून. एकाने फूटब्रेक घट्ट दाबावा, दुसऱ्याने चाक पुढे-मागे फिरवून बघावं. ब्रेक धरलेला असताना हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) स्थिर आणि चाक मात्र किंचित हलतंय, म्हणजे स्प्लाइन झिजल्या. झिजलेल्या हबवर नवं चाक बसवलं तर तेही लवकर खराब होतं, म्हणून दोन्ही तपासा. हब डावे-उजवे अदलाबदल झालेले नाहीत ना, हेही पाहा. गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेने फिरतं, त्याच दिशेने मधला नट सुटला पाहिजे. उलट असेल तर तो चालत्या गाडीत सैल होत जातो. अशी गाडी रस्त्यावर नेऊ नका.

मग गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. प्रोपेलर शाफ्टच्या टोकांना असलेल्या क्रॉसच्या (वळणाऱ्या सांध्याच्या) दोन्ही बाजू धरून विरुद्ध दिशांना पिळा. तिथे अजिबात हालचाल नको. क्रॉस ठीक असतील तर शाफ्ट हाताने उलटसुलट फिरवा. बराच मोकळा फिरून अ‍ॅक्सलच्या पोटात ‘टक्’ होत असेल तर डिफरन्शियलमधले पातळ थ्रस्ट वॉशर झिजले असण्याची शक्यता मोठी. मागे झाकण असलेल्या नळीसारख्या अ‍ॅक्सलमध्ये ते गाडीवरच बदलता येतात. १९६७ पर्यंतच्या रोडस्टरच्या अ‍ॅक्सलमध्ये मात्र डिफरन्शियल पुढून बाहेर काढावं लागतं.

बदलताना

पाट्याच्या पुढच्या टोकाचा बोल्ट चाकं हवेत असताना पूर्ण आवळू नका. तसा आवळला तर गाडी खाली उतरताच बुश कायमचा पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. बोल्ट हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, दोनदा दाबून बसू द्या, मग मॅन्युअलमधल्या मापाने आवळा. यू-बोल्ट थोडं चालवल्यावर पुन्हा एकदा तपासा. रेघ ओढायला तोच खडू वापरा.