नाम की क्रियापद? कंठावर बोट ठेवा

राजारामपुरीत क्लासला जाणारी माझी भाची परवा रंकाळ्यावर भेळ खाता खाता अडली. "मामा, 'ॲडव्हाइस'मध्ये सी की एस?" असल्या नाम-क्रियापदाच्या इंग्रजी जोड्या पाठ करू नका, तोंडाने म्हणून बघा.

१. दोन बोटं कंठावर ठेवा.
२. शब्दाचा फक्त शेवटचा आवाज जरा लांबवा.
३. बोटांना थरथर लागली तर क्रियापद, नाही तर नाम.

'ॲडव्हाइस'च्या शेवटी नुसती हवा, सापाच्या फुत्कारासारखी. ते नाम, त्यात सी. 'ॲडव्हाइझ'चा शेवट 'माझा'तल्या झसारखा, भुंग्यागत गुणगुणतो. ते क्रियापद, त्यात एस. बिलीफ-बिलीव्ह, प्रूफ-प्रूव्ह याच जातीचे. 'यूस' आणि 'यूझ'चं तर स्पेलिंगही एकच, फरक फक्त कंठात. भाचीनं भेळ बाजूला ठेवून दहादा करून पाहिलं. शेजारच्या बाकावरच्या आजींना वाटलं, पोरीचा घसा धरलाय.

मात्र 'प्रॅक्टिस'ला ही युक्ती लावू नका. तिथे दोन्हींचा उच्चार एकच. ब्रिटिश पद्धतीत नामाला सी, क्रियापदाला एस. अमेरिकेत दोन्हीला सी.