हिवाळी कॅम्पला निघायच्या आधी

एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) सात दिवसांच्या कॅम्पचं ठरलं की फर्स्ट इयरची पोरं पहिलं विचारतात तिकडे रेंज आहे का, पण आधी थंडीचं बघा. नाशिक जिल्ह्यात पेठ-सुरगाण्याकडे शाळेच्या फरशीवर झोपायचंय, त्यामुळे अंथरायला जाड सतरंजी, ब्लँकेट, कानटोपी आणि मोज्यांचे दोन जोड घ्याच. ताट-वाटी-पेला आपापलं, टॉर्च, रोजची औषधं, आधारची झेरॉक्स. पालकांच्या सहीचं संमतीपत्र दोन दिवस आधीच पीओ (प्रोग्राम ऑफिसर) सरांकडे द्या. बॅज विसरू नका, त्यावरच्या चाकाला आठ आरे आहेत ते दिवसाचे आठ प्रहर, गावातली लहान पोरं हमखास विचारतात.

आता खरं काम, वनराई बंधारा, म्हणजे गोण्यांत माती-वाळू भरून ओढ्यात रचलेला कच्चा बांध. तिकडे पावसाळ्यात धो धो कोसळतो पण सगळं पाणी उतारानं निघून जातं आणि उन्हाळ्यात बाया डोक्यावर हंडे घेऊन लांब लांब फिरतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय, म्हणून सांगते की सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आत्तापासून जमवा. गंगापूर रोडला, पाथर्डी फाट्याला बांधकामं चालू असतात, नीट विचारलं की देतात. प्रत्येक गोणी उजेडात धरून भोकं बघा, सोबत सुतळी आणि दाभण घ्या. गोणी गच्च भरायची नाही, पाऊणच भरायची आणि तोंड शिवायचं. मागच्या वर्षी आम्ही जोशात ठासून भरल्या, त्या गोल झाल्या, एकमेकींवर बसेनात, दुसऱ्या दिवशी फटींतून पाणी झुळझुळ चाललेलं. गावातल्या एका आजोबांनी दोन थर काढायला लावले आणि विटांसारखा सांधा मोडून, मधे चिखल लिंपून परत रचून घेतले, तेव्हा कुठे पाणी अडलं. हाताला फोड येतात, जुने हातमोजे असतील तर टाका बॅगेत.

डायरी रोजच्या रोज लिहा. वर्षाला सेवेचे १२० तास, दोन वर्षांचे २४० आणि एक कॅम्प झाला की सर्टिफिकेट, नंतर तास आठवत बसू नका. माय भारत या सरकारच्या युवा पोर्टलवर रजिस्ट्रेशन राहिलं असेल तर इथेच करून निघा, १५ ते २९ वयाच्या कुणालाही करता येतं.

आणि कॅम्पच्या दिवशी चार जणांनी अर्धा तास आधी या, गोण्यांचा गठ्ठा बसमध्ये चढवायचाय.